कॅनडात घर घेतलंय? गृहकर्ज विम्याच्या प्रीमियमचा चौथा हिस्सा परत मिळवण्याची पूर्ण वाट

कॅनडात घर घेताना किमतीच्या २० टक्के रक्कम हाताशी नसेल, तर बँक विम्याशिवाय कर्ज देत नाही आणि त्या विम्याचा प्रीमियम हजारो डॉलर होतो. घर ऊर्जा वाचवणारं असेल, तर या प्रीमियममधले २५ टक्के परत मिळण्याची सोय आहे. मात्र हे पैसे आपणहून कुणी पाठवत नाही. ते मागावे लागतात, त्यासाठी घराचं ऊर्जा प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि सगळं घर तुमच्या नावावर झाल्यापासून ठरावीक मुदतीत करावं लागतं. बँकेला किंवा कर्ज जुळवून देणाऱ्या ब्रोकरला याची आठवण करून देण्याचं बंधन नाही. वकिलाचं काम घर तुमच्या नावावर झालं की संपतं. त्यामुळे हक्काचे चार-पाच हजार डॉलर न मागता राहून जातात, आणि नव्या देशात पहिलं घर मांडणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम लहान नाही.

टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन, कॅलगरी, एडमंटन अशा शहरांत आता बरीच मराठी कुटुंबं आहेत. घर घेण्याआधी व्याजदर, शाळा, देऊळ, भारतीय किराणा किती लांब, हे सगळं आपण बारकाईने पाहतो. त्याच यादीत हा विषय यावा म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी विमा समजून घ्या

भारतात गृहकर्ज घेताना बँक बहुतेक वेळा एक पॉलिसी पुढे करते. कर्जदाराचं बरंवाईट झालं तर त्या पॉलिसीतून कर्ज फिटतं आणि घर कुटुंबाकडे राहतं. कॅनडातला हा विमा तसा नाही. इथे प्रीमियम तुम्ही भरता, पण संरक्षण बँकेला मिळतं. तुमचे हप्ते थकले आणि घर विकूनही कर्ज वसूल झालं नाही, तर उरलेली तूट विमा कंपनी बँकेला भरून देते. तुमच्या आयुष्याचा या विम्याशी काहीही संबंध नाही. कर्जदाराच्या मृत्यूनंतर कर्ज फेडणारा विमा इथल्या बँका वेगळा विकतात, आणि त्या प्रीमियमवर हा परतावा मिळत नाही. अर्ज करताना ही गल्लत झाली तर कागद चुकीच्या दारात जातात.

हा विमा देणाऱ्या तीन संस्था आहेत. पहिली सीएमएचसी, म्हणजे कॅनडा मॉर्गेज अँड हाउसिंग कॉर्पोरेशन. ही केंद्र सरकारची संस्था १९४६ साली स्थापन झाली आणि १९५४ पासून गृहकर्जांचा विमा देते. दुसरी सेजन, जिचं नाव पूर्वी जेनवर्थ कॅनडा होतं. तिसरी कॅनडा गॅरंटी. या दोन्ही खाजगी आहेत. ऊर्जाकार्यक्षम घरासाठी प्रीमियम परत देण्याची योजना तिघींकडे आहे. सीएमएचसीची योजना इको प्लस नावाने चालते. जुन्या लोकांना ती ग्रीन होम या नावाने आठवत असेल.

किती पैशांचा प्रश्न आहे

आकडे मांडल्याशिवाय धावपळीचं मोल कळत नाही, म्हणून ६ लाख डॉलरचं घर धरू. कॅनडाच्या नियमाप्रमाणे पहिल्या ५ लाखांवर किमान ५ टक्के आणि त्यापुढच्या रकमेवर १० टक्के डाउन पेमेंट लागतं. म्हणजे २५ हजार अधिक १० हजार, एकूण ३५ हजार डॉलर. कर्ज उरलं ५,६५,००० डॉलरचं. किमतीच्या ९० टक्क्यांहून जास्त कर्ज असलं की प्रीमियमचा दर ४ टक्के, म्हणून प्रीमियम झाला २२,६०० डॉलर. त्याचा चौथा हिस्सा ५,६५० डॉलर.

त्याच घरासाठी १० टक्के, म्हणजे ६० हजार भरले, तर दर ३.१० टक्क्यांवर येतो, प्रीमियम १६,७४० आणि परतावा ४,१८५ डॉलर. १५ टक्के भरले तर दर २.८० टक्के, प्रीमियम १४,२८० आणि परतावा ३,५७० डॉलर. २० टक्के भरले तर विमा सक्तीचा राहत नाही, आणि विमाच नसेल तर परताव्याचा प्रश्न उरत नाही. या हिशोबातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. परतावा जास्त मिळावा म्हणून डाउन पेमेंट कमी भरण्यात काहीच अर्थ नाही. परत फक्त चौथा हिस्सा येतो, तीन हिस्से जातातच.

प्रीमियम सहसा रोख द्यावा लागत नाही, तो कर्जात मिळवला जातो. त्यामुळे त्यावरही व्याज लागतं. ५ टक्के स्थिर व्याज आणि २५ वर्षांची मुदत धरली, तर २२,६०० डॉलरच्या प्रीमियमपोटी दर महिन्याला साधारण १३१ डॉलर जातात आणि पंचवीस वर्षांत मिळून ३९ हजारांच्या वर भरले जातात. पहिलं घर घेणाऱ्यांना किंवा नवं बांधलेलं घर घेणाऱ्यांना आता विम्यासह ३० वर्षांची मुदतही मिळते, पण त्यासाठी प्रीमियमचा दर ०.२० टक्क्याने वाढतो.

प्रीमियमवरचा प्रांतिक कर मात्र कर्जात घालता येत नाही. ओंटारियोत तो ८ टक्के आहे. वरच्या उदाहरणात १,८०८ डॉलर ताब्याच्या दिवशी वेगळे रोख लागतील. क्युबेक आणि सस्कॅचेवानमध्येही असा कर आहे, अल्बर्टात नाही. ही रक्कम अनेकांना शेवटच्या आठवड्यात कळते. डाउन पेमेंटसाठी घरच्यांकडून भारतातून पैसे येणार असतील तर ती वेळेवर लक्षात असणं जास्तच महत्त्वाचं, कारण आई-वडिलांनी एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, पैसे पाठवायचे म्हणजे बँकेचे फॉर्म, पॅन, पैसे भेट म्हणून दिल्याचं पत्र आणि पैशांचा उगम दाखवणारे कागद आले. ते दोन दिवसांत होत नाही.

पहिली पायरी: तुमचा विमा कुणाकडे आहे ते शोधा

तिघींपैकी कोणती विमा कंपनी घ्यायची हे बँक ठरवते, ग्राहक नाही. त्यामुळे कर्ज मंजूर होऊनही कंपनीचं नाव माहीत नसणं अगदी स्वाभाविक आहे. बँकेच्या मंजुरीपत्रात प्रीमियमची ओळ सापडते, कधी तिथेच कंपनीचं नाव असतं. नसेल तर ब्रोकरला किंवा बँकेला ईमेल करा आणि दोनच गोष्टी विचारा: विमा कंपनी कोणती आणि त्या कंपनीकडचा आमच्या कर्जाचा खाते क्रमांक काय. हा क्रमांक बँकेच्या कर्ज क्रमांकापेक्षा वेगळा असतो, आणि परताव्याच्या अर्जात तोच लागतो. उत्तर लेखी घ्या.

घर अजून घेतलं नसेल तर ब्रोकरला सुरुवातीलाच सांगून ठेवा की आम्ही ऊर्जाकार्यक्षम घराचा परतावा मागणार आहोत. व्याजदर सारखाच मिळत असेल, तर ज्या विमा कंपनीच्या अटीत तुमचं घर बसतं तिच्याकडे अर्ज पाठवायला चांगला ब्रोकर तयार होतो.

दुसरी पायरी: घर पात्र आहे का

पात्रता सिद्ध करायच्या वाटा मुख्यतः दोन. एक, घराला मान्य संस्थेचं प्रमाणपत्र असणं. दोन, एनरगाइड या सरकारी पद्धतीच्या मूल्यांकनात घराचा आकडा पुरेसा चांगला येणं.

नव्या घरांत पहिली वाट सोपी पडते. एनर्जी स्टार, आर-२०००, बिल्ट ग्रीन, लीड, क्युबेकमध्ये नोव्होक्लिमा, अशा नावांची प्रमाणपत्रं कॅनडात चालतात. यातलं आर-२००० हे कॅनडाचं स्वतःचं मानक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. त्यात घराची हवाबंदी मोजून सिद्ध करावी लागते.

बिल्डरच्या विक्री कार्यालयात एक गोष्ट फार नीट तपासा. माहितीपत्रकावर एनर्जी स्टारचं चिन्ह असलं म्हणजे घर एनर्जी स्टार आहे असं नसतं. अनेकदा ते चिन्ह फक्त फ्रिज, डिशवॉशर किंवा खिडक्यांचं असतं. उपकरणाचं प्रमाणपत्र वेगळं आणि संपूर्ण घराचं वेगळं, आणि परताव्यासाठी घराचंच लागतं. विक्रेत्या मुलीला किंवा मुलाला सरळ विचारा: या पत्त्याच्या घराला, आमच्या नावावर होणाऱ्या या घराला, प्रमाणपत्र मिळणार आहे का, कोणतं आणि कधी? "आमची सगळी घरं तशीच असतात" हे उत्तर पुरेसं नाही. नमुना घराचं प्रमाणपत्र तुमच्या उपयोगाचं नाही. बांधकाम सुरू व्हायच्या आधीच बुकिंग करत असाल तर ही अट खरेदीच्या करारात लिहून घ्या, आणि तुमच्या वकिलाला ती वाक्यरचना दाखवा. घर पूर्ण झाल्यावर प्रमाणपत्राचं लेबल साधारणपणे तळघरातल्या इलेक्ट्रिक पॅनेलवर चिकटवलेलं असतं. ताब्याच्या आधीच्या पाहणीत ते बघा आणि लगेच फोटो काढा.

जुन्या घरासाठी दुसरी वाट. ती थोडी लांबची आहे, पण माझ्या मते घराविषयी जास्त काही शिकवणारी.

एनरगाइड मूल्यांकन: हा दिवस वाया घालवू नका

एनरगाइड ही कॅनडाच्या नैसर्गिक संसाधन मंत्रालयाची पद्धत आहे. घर वर्षभरात किती ऊर्जा वापरेल याचा अंदाज ती गिगाज्यूल या एककात देते. आकडा जितका लहान तितकं घर चांगलं. एक गिगाज्यूल म्हणजे साधारण २७८ युनिट वीज. अल्बर्टात राहणाऱ्यांना हे एकक ओळखीचं वाटेल, कारण तिथली गॅसची बिलं गिगाज्यूलमध्येच येतात. ओंटारियोत घनमीटर असतात.

लेबलवर तुमच्या घराचा आकडा असतो आणि शेजारी त्याच आकारमानाचं एखादं नवं घर आजच्या नेहमीच्या पद्धतीने बांधलं असतं तर त्याचा आकडा किती आला असता, तेही दाखवलेलं असतं. परताव्याचा निकष या तुलनेवर उभा आहे. तुमचं घर तुलनेसाठी धरलेल्या त्या नव्या घरापेक्षा विमा कंपनीने ठरवलेल्या टक्केवारीने कमी ऊर्जा खाणारं हवं. ही टक्केवारी योजनेच्या इतिहासात बदलत आली आहे, म्हणून मित्राने तीन वर्षांपूर्वी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. कर्ज ज्या कंपनीकडे आहे तिच्या संकेतस्थळावरचं आजचं पान उघडा.

मूल्यांकन नोंदणीकृत ऊर्जा सल्लागारच करू शकतो. घर घेताना आपण जो होम इन्स्पेक्टर बोलावतो तो वेगळा, त्याचा अहवाल इथे चालत नाही. मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तुमच्या भागातल्या मान्य संस्थांची यादी मिळते. दोन-तीन संस्थांना फोन करा, शुल्क विचारा, तारीख किती आठवड्यांनी मिळेल ते विचारा. शुल्क काही शे डॉलर असतं. नवं घर बांधताना मूल्यांकन आराखड्यापासून सुरू होतं, तयार घरात एका भेटीत काम होतं.

त्या दिवशी सल्लागार काही तास घरात असतो. भिंती, छत, तळघर यांची मापं घेतो, माळ्यावर चढून इन्सुलेशनची, म्हणजे ऊब अडवणाऱ्या थराची, जाडी बघतो, खिडक्या मोजतो, भट्टी म्हणजे फर्नेस आणि पाण्याच्या हीटरचे मॉडेल क्रमांक लिहून घेतो. मग पुढच्या दारात एक मोठा पंखा कापडी चौकटीसह बसवून घरातली हवा बाहेर खेचली जाते. आत आणि बाहेर ५० पास्कलचा फरक ठेवून तासाला घरातली हवा किती वेळा बदलते ते मोजतात. हीच ब्लोअर डोअर चाचणी. आर-२००० घरात हा आकडा १.५ च्या आत असावा लागतो, पॅसिव्ह हाउस या त्याहून कडक मानकाच्या घरात ०.६ च्या आत. जुन्या घरांत तो याच्या कितीतरी पट असतो.

पंखा चालू असताना सल्लागाराबरोबर घरभर फिरा. स्विचबोर्डाच्या फटीतून, माळ्याच्या झाकणाखालून, तळघराच्या भिंतीवर जिथे लाकडी चौकट बसते तिथून थंड हवा हाताला लागते. ही माहिती कुठल्याही कागदावरून इतकी स्पष्ट कळत नाही. परतावा नाकारला गेला तरी ही फेरी आणि त्यानंतर मिळणारा अहवाल हातात राहतो, आणि पुढच्या अनेक हिवाळ्यांत त्याचा फायदा होतो. म्हणून मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो, प्रमाणपत्राची शक्यता धूसर असली तरी मूल्यांकन करून घ्या.

तयारी म्हणून एवढं करा: माळ्याच्या झाकणाखालचं सामान हलवा, तळघरातल्या फर्नेसभोवती वाट मोकळी करा, शेकोटी असेल तर राख काढून ठेवा, कारण पंखा ती खोलीभर उडवेल. आधीच्या मालकाने इन्सुलेशन किंवा खिडक्या बदलल्याची पावती असेल तर दाखवा. भिंतीच्या आत काय आहे हे सल्लागाराला दिसत नाही, आणि पुरावा नसेल तर तो घराच्या वयावरून अंदाज धरतो. माळ्यावर राखाडी-तपकिरी, चकचकीत खड्यांसारखं सुटं इन्सुलेशन दिसलं तर त्याला हात लावू नका. ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं आणि त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक खनिज तंतू, असण्याची शक्यता असते. ते तपासून घेणं आधी, बाकी सगळं नंतर.

आणखी एक गोष्ट अनेकांना पटत नाही. तुम्ही घरात स्वेटर घालून थर्मोस्टॅट कमी ठेवता, न वापरलेल्या खोलीचे दिवे बंद करता, याचा या आकड्यावर परिणाम होत नाही. सगळ्या घरांना राहणारी माणसं आणि तापमान सारखंच धरून गणित मांडलेलं असतं, म्हणजे मोजलं जातं ते घर, माणसं नाहीत. बिल कमी येतं म्हणून घर पात्र ठरेल असं गृहीत धरू नका. उलट बिल जास्त आलं म्हणून निराशही होऊ नका.

घर घेण्याआधी मूल्यांकन करून घेता आलं तर उत्तम, पण त्यासाठी विकणाऱ्याची परवानगी लागते आणि ऑफरमध्ये तशी अट व मोकळे दिवस लागतात. घरांना मागणी जोरात असताना विक्रेते अटी मान्य करत नाहीत. तेव्हा विकणाऱ्याकडे आधीचं एनरगाइड लेबल आहे का, एवढं तरी एजंटमार्फत विचारा. त्याने सरकारी अनुदान घेऊन काम केलं असेल तर मूल्यांकन झालेलंच असतं, कारण २०२१ ते २०२४ मधल्या ग्रीनर होम्स अनुदानासाठी ते काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर असं दोनदा करावं लागे. कामानंतरचा अहवाल तुमच्यासाठी मोलाचा. ताब्यानंतर तो मागायला गेलात तर विकणारा दुसऱ्या प्रांतात गेलेला असतो.

घर पात्र ठरलं नाही तर

सत्तर-ऐंशीच्या दशकातलं घर पहिल्या फेरीत पात्र ठरणं कठीण. पण दार बंद होत नाही. सीएमएचसीची इको इम्प्रूव्हमेंट नावाची जोडयोजना आहे. सीएमएचसीच्या विम्यावर घर घेतल्यानंतर त्यात ऊर्जा वाचवणाऱ्या सुधारणांवर किमान २०,००० डॉलर खर्च केले, तर तिथेही २५ टक्के परतावा मिळतो. इन्सुलेशन, हवाबंदी, खिडक्या-दारं, हीट पंप (बाहेरची ऊब खेचून घर तापवणारं यंत्र) अशी कामं यात येतात. स्वयंपाकघराचा ओटा, फरशी, रंग यांचा खर्च मोजला जात नाही. कंत्राटदाराशी करार करण्याआधी मान्य कामांची यादी बघा, आणि काम सुरू होण्यापूर्वी एनरगाइड मूल्यांकन करून ठेवा. एकदा भिंत बंद झाली की आधीची स्थिती सिद्ध करता येत नाही, आणि प्रांताच्या किंवा गॅस-वीज कंपनीच्या इतर योजनांनाही बहुतेक वेळा आधीचा अहवाल लागतो.

इथे माझं मत स्पष्ट आहे. पाच हजारांच्या परताव्यासाठी वीस हजार खर्च करू नका. जे काम एरवीही करावंच लागणार होतं, म्हणजे फर्नेस मोडायला आली आहे, खिडक्यांतून पाणी झिरपतं, माळ्यावर इन्सुलेशन नावालाच आहे, ते काम मुदतीच्या आत आणून परतावा मागणं शहाणपणाचं. क्रमही महत्त्वाचा. आधी फटी बुजवा, मग माळा आणि तळघर, आणि शेवटी हीट पंप. गळक्या घरासाठी मोठा हीट पंप घेतला आणि नंतर घर हवाबंद केलं, तर यंत्र गरजेपेक्षा मोठं राहतं आणि त्याचे पैसे वाया जातात.

दारावर येणाऱ्या विक्रेत्यांपासून सांभाळा. "सरकारी योजना आहे, तुम्ही पात्र आहात" असं म्हणत ते तुमचं गॅस-विजेचं बिल मागतात आणि हीट पंप किंवा फर्नेस भाड्याने गळ्यात घालतात. ओंटारियोत २०१८ पासून अशी उपकरणं न बोलावता दारावर येऊन विकायला बंदी आहे. अशा उपकरणांच्या पैशांपोटी घराच्या मालकीच्या नोंदीवर बोजा चढवण्याच्या प्रकारालाही तिथे २०२४ मध्ये बंदी आली. सही करू नका, बिल दाखवू नका. भाड्याच्या उपकरणाची खरेदी पावती तुमच्या नावावर नसते, म्हणजे परताव्याच्या दृष्टीनेही ते निरुपयोगी.

घर हवाबंद झालं की आपल्या स्वयंपाकाचाही विचार करावा लागतो. फोडणी, तळण, कुकरची वाफ हे सगळं बंद घरात कोंडतं आणि हिवाळ्यात खिडक्यांच्या काचांवर पाणी साचून कडांना बुरशी धरते. शेगडीवरचा पंखा हवा खरोखर घराबाहेर टाकतो की गाळून परत खोलीतच सोडतो, ते तपासा. नव्या घरांत एचआरव्ही नावाचं यंत्र असतं. ते बाहेर जाणाऱ्या हवेतली ऊब ताज्या हवेला देतं. आवाज येतो म्हणून अनेक जण ते बंद ठेवतात. ठेवू नका. त्याच्या जाळ्या दर काही महिन्यांनी धुवा, तेलकट स्वयंपाक रोज होत असेल तर जरा लवकर.

अर्ज: कागद आणि मुदत

सीएमएचसीच्या परताव्यासाठी अर्ज घराच्या क्लोजिंगच्या तारखेपासून २४ महिन्यांत पोचावा लागतो. क्लोजिंग म्हणजे कर्जाची रक्कम सुटून घर तुमच्या नावावर झालं तो दिवस. करारावर सही केल्याची तारीख नाही आणि राहायला गेल्याचीही नाही. बाकी दोन कंपन्यांची मुदत त्यांच्या अर्जावर बघा. दोन वर्षं भरपूर वाटतात, पण सल्लागाराची तारीख, अहवाल, सुधारणा, पुन्हा मूल्यांकन यांत महिने निघून जातात, आणि मधेच एक उन्हाळा भारतवारीत जातो.

अर्जात मागतील ते साधारण असं: विमा खाते क्रमांक, घराचा पूर्ण पत्ता, कर्जदारांची नावं, आणि पात्रतेचा पुरावा म्हणून प्रमाणपत्राची किंवा एनरगाइड अहवालाची प्रत. सुधारणांच्या वाटेने जात असाल तर पावत्या. पावतीवर घराचा पत्ता, तारीख, कामाचं वर्णन, उपकरणाचा मॉडेल क्रमांक आणि पैसे भरल्याची नोंद हवी. "रोख द्या, कर वाचेल" म्हणणाऱ्या कंत्राटदाराकडून अशी पावती कधीच मिळत नाही.

नावांबाबत आपल्या लोकांनी जरा जास्त काळजी घ्यावी. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, कुठे ते पूर्ण लिहिलेलं, कुठे फक्त आद्याक्षर, आणि लग्नानंतर काही कागदांवर माहेरचं आडनाव तसंच राहिलेलं असतं. अर्जावर नावं कर्जाच्या कागदावर आहेत अगदी तशीच लिहा. कर्ज दोघांच्या नावावर असेल तर दोघांचीही लिहा. ऊर्जा सल्लागारालाही पत्ता कर्जाच्या कागदाप्रमाणेच द्या, विशेषतः नव्या वसाहतीत, जिथे सुरुवातीला रस्त्याचं नाव नसतं आणि फक्त लॉट, म्हणजे प्लॉटचा, क्रमांक चालतो. प्रमाणपत्र लॉट क्रमांकावर आणि कर्ज पत्त्यावर असं झालं, तर दोन्ही एकच घर आहे हे दाखवणारा बिल्डरचा कागद सोबत जोडा.

पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आणि पोचल्याचा ईमेल ठेवा. काही आठवडे उत्तर आलं नाही तर खाते क्रमांक देऊन विचारा. नकार आला तर कारण लेखी मागा. कागद अपुरा म्हणून आलेला नकार आणि घर निकषात बसत नाही म्हणून आलेला नकार यांत मोठा फरक आहे. पहिल्यात कागद भरून पुन्हा पाठवता येतो. दुसऱ्यात मुदत उरली असेल तर सल्लागाराला विचारा की घर किती अंतराने चुकलं. कधी माळ्याचं इन्सुलेशन आणि थोडी हवाबंदी एवढ्यानेही ते अंतर भरून निघतं.

पैसे आल्यावर

परतावा बँकेला जात नाही, तो कर्जदाराला मिळतो. खर्च कसाही करता येतो, पण हे पैसे तुम्ही कर्ज काढून भरले होते आणि त्यावर व्याज चालूच आहे. बहुतेक कॅनेडियन कर्जांत दर वर्षी मुद्दलाचा ठरावीक भाग दंडाशिवाय आगाऊ भरता येतो. त्या सवलतीत ही रक्कम थेट मुद्दलात टाकली तर तेवढ्या डॉलरवरचं पुढच्या सगळ्या वर्षांचं व्याज वाचतं. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती आधी फेडा, तिचा दर गृहकर्जाच्या कितीतरी पट असतो.

घर घेऊन वर्ष उलटून गेलं असेल आणि हे पहिल्यांदाच वाचत असाल, तर आज क्लोजिंगची तारीख बघा, बँकेला विमा कंपनी आणि खाते क्रमांक विचारणारा ईमेल पाठवा, आणि तळघरात जाऊन इलेक्ट्रिक पॅनेलवर लेबल आहे का ते पाहा. लेबल असेल तर अर्ज याच आठवड्यात होऊ शकतो. नसेल तर ऊर्जा सल्लागाराची तारीख थंडी सुरू होण्याआधीची मागा, कारण पहिला बर्फ पडला की त्यांच्याकडे रांग लागते.